'पर्यंत' आलं की थांबा: 'बाय' की 'अनटिल'?

भोसरीतल्या एका कारखान्यात मी डिस्पॅच बघते. नवीन होते तेव्हा ट्रान्सपोर्टवाल्याचा मेल आला: 'द ट्रक विल बी ॲट द गेट अनटिल फोर.' गाडी चारपर्यंत गेटवर असेल, असं मी वाचलं आणि पॅकिंगच्या पोरांना म्हटलं, सावकाश होऊ द्या, चारला भरू. चार वाजून पाच मिनिटांनी चलन घेऊन खाली उतरले तर गेट मोकळं. वॉचमनकाका म्हणाले, "मॅडम, दोनपासून उभी होती, आत्ताच गेली."

'बाय फोर' असतं तर गाडी चारच्या आत येऊन लागली असती. मराठीत मात्र दोन्हीला वाक्य एकच.

म्हणून इंग्रजी लिहिताना मनात 'पर्यंत' आलं की त्या जागी 'च्या आत' घालून बघा. 'ड्रॉइंग शुक्रवारच्या आत पाठवतो' हे बसतं, कारण काम एकदाच होऊन संपणार आहे. तिथे 'बाय फ्रायडे', आणि त्यात शुक्रवारही धरलेला असतो. 'शुक्रवारच्या आत ऑफिस बंद आहे' बसत नाही. बंद असणं तोवर चालूच राहणार, म्हणून 'अनटिल'. 'टिल' लिहिलंत तरी अर्थ तोच. जर्मन ग्राहकही इथे चुकतात, त्यांच्या 'बिस'मध्ये हे दोन्ही अर्थ आहेत.

खरी गोची 'नाही' आलं की होते. 'द मशीन वोन्ट बी रेडी अनटिल मंडे' म्हणजे सोमवारी मिळेल, त्याआधी मागू नका. 'वोन्ट बी रेडी बाय मंडे' म्हणजे सोमवार उलटला तरी तयार नसेल, आणि कधी होईल ते सांगितलेलंच नाही. पहिलं वाचून ग्राहक सोमवारची गाडी ठरवतो, दुसरं वाचून लगेच फोन करतो. आपण दोन्ही वेळा 'सोमवारपर्यंत होणार नाही' म्हणून मोकळे होतो. असा मेल लिहिताना मी पुढे तारीखच घालते: 'इट विल बी रेडी ऑन वेन्सडे.'

रजेच्या मेलमध्येही तेच करा. 'ऑन लीव्ह अनटिल फ्रायडे' वाचून शुक्रवारी तुम्ही जागेवर आहात की नाही, हे इंग्रजी मातृभाषा असलेल्यालाही नक्की कळत नाही. 'बॅक ऑन मंडे' लिहा.