कोरोनाच्या वर्षात कस्टम ड्युटीचं काय झालं, ते घरबसल्या कसं काढायचं

आयात पडली म्हणजे कस्टमची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरच्या कराची, कमाईपण तेवढीच पडली असणार, असं आपण धरून चालतो, मीपण तेच धरलेलं. आता भारताचे आकडे घ्या. 2019-20 ला मालाची आयात साधारण 474 अब्ज डॉलर, 2020-21 ला 394. आणि कस्टम ड्युटी 1.09 लाख कोटींवरून 1.3 लाख कोटींच्या वर गेली. म्हणजे वाढली!

हे कसं झालं ते शोधायचं तर आधी आयातीची फोड करा, नुसती बेरीज बघत बसू नका. ती जी 80 अब्जांची घट आहे ना, त्यातली 48 च्या आसपास एकट्या कच्च्या तेलाची आणि पेट्रोलियमची, आणि कच्च्या तेलावर आपल्याकडे कस्टम ड्युटी जवळजवळ नाहीच, मग ते कितीपण स्वस्त झालं तरी कस्टमच्या गल्ल्याला काय फरक पडणार? उलट सोनं बघा, 28 अब्जांवरून साडेचौतीसवर गेलं आणि त्यावर फेब्रुवारी 2021 च्या बजेटपर्यंत 12.5 टक्के ड्युटी. लग्नं पन्नास माणसांत उरकली पण सोनं काही थांबलं नाही आपलं.

मग रुपया बघायचा. ड्युटी बहुतेक मालावर टक्क्यात असते आणि ती रुपयातल्या किमतीवर लागते, त्यामुळे डॉलर 71 चा 76 झाला की तोच माल तेवढाच आला तरी ड्युटी जास्त. हे लोक हमखास विसरतात.

वर्षाची बेरीज बघताना महिने पण चाळा. एप्रिल 2020 मध्ये आयात आदल्या वर्षीपेक्षा 59 टक्क्यांच्या आसपास खाली होती. न्हावाशेवाला बंदर चालू होतं पण ड्रायव्हर गावी, गोडाऊन बंद, कंटेनर पडून. माल सोडवल्याशिवाय ड्युटी भरली जात नाही, त्यामुळे त्यातली काही घट म्हणजे नुसता उशीर होता.

सूट पण वजा करा, व्हेंटिलेटर, मास्क, पीपीई, टेस्ट किट यांवरची ड्युटी 9 एप्रिल ते 30 सप्टेंबर 2020 माफ होती.

आणि एक घोळ टाळा. बंदरावर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटीपण कस्टमच गोळा करतं, पण तो जीएसटीच्या खात्यात जातो, इथे धरायचा नाही. मे 2020 मध्ये पेट्रोल-डिझेलवर जो कर वाढवला ती एक्साइज, म्हणजे देशात बनणाऱ्या मालावरचा कर, तीपण बाजूला ठेवा.

हीच पद्धत मालदीवला लावून बघा, उत्तर उलटं येईल. तिथे मार्च ते जुलै 2020 पर्यटक बंद, खाण्यापिण्यापासून जवळपास सगळं बाहेरून येणारं, रिसॉर्ट रिकामे तर मागवणार कोण? सोन्यासारखं सावरायला काही नाही, तिथे आयातीबरोबर ड्युटीपण खाली आली.