तीनचाकीचं डिझाइन शिकायला येणाऱ्यांसाठी

वाहन-डिझाइनमध्ये नव्यानं येणाऱ्या बहुतेकांना एसयूव्हीवर काम करायचं असतं. माझी नोकरी पिंपरी-चिंचवड पट्ट्यात तीनचाकींवरच झाली आणि शिकायला याहून चांगली गाडी नाही, असं माझं ठाम मत आहे. इथे एकाला जागा दिली की ती दुसऱ्याच्या वाट्यातून जाते, आणि कोणाच्या, ते लगेच दिसतं.

आधी वळण बघा. बजाजच्या आरई रिक्षाची वळणाची त्रिज्या २.८८ मीटर आहे. त्याच कंपनीची चारचाकी क्यूट रुंदीला जवळपास तेवढीच, पण तिला ३.५ मीटर लागतात. पुढे एकच चाक असलं की ते भरपूर वळवता येतं. पुण्यातल्या पेठांमधल्या बोळात रिक्षा एका दमात फिरते ती यामुळेच.

याची किंमत वळणावर मोजावी लागते. तीन चाकं जमिनीला टेकतात त्या जागा जोडून त्रिकोण काढा. तो पुढे निमुळता होत जातो, म्हणून वजन जितकं मागे तितकी गाडी स्थिर. समजा मागच्या दोन चाकांमधलं अंतर १.१५ मीटर, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंतचं अंतर, २ मीटर, गुरुत्वमध्य ०.६ मीटर उंच आणि ७० टक्के भार मागे. मग गाडी साधारण ०.६७ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ०.६७ पट, इतक्या आडव्या जोराला उलटू लागेल. त्याच वळणात ०.४ जीचा ब्रेक मारला की भार पुढे सरकतो, मागे ५८ टक्केच उरतो आणि मर्यादा ०.५६ वर येते. हे गणित स्वतः हातानं करा, सॉफ्टवेअर नंतर उघडा. इंजिन मागे का आणि प्रवासी मागच्या आसाजवळ का, हे त्यातून आपोआप कळेल. शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी चौथा माणूस बसवतात, तेव्हा तो नेमका त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे बसलेला असतो. तो बसणारच हे गृहीत धरून मी आकडेमोड करतो. नियमात तीन प्रवासी लिहिलेत म्हणून हात झटकणं मला पटत नाही.

मग सीट. १३०० मिमी रुंदीच्या गाडीत दोन्ही बाजूंचा पत्रा वगळला की माणशी जेमतेम ४०० मिमी उरतात. गाडी रुंद करावी तर बोळ अडतो, छप्पर चढवावं तर गुरुत्वमध्य वर जातो. इलेक्ट्रिकमध्ये बॅटरी तळाशी टाकली की तो खाली येतो, हे उत्तमच; पण फरशी उंचावली तर गुडघे दुखणाऱ्या आजींना आणि साडी सावरत चढणाऱ्या बाईला ती पायरी जड जाते. पायरीचा प्रत्येक सेंटिमीटर मी भांडून वाचवतो.

स्टँडवर टेप घेऊन जा. ड्रायव्हरशी शिफ्ट संपताना बोला. कंबर, खांदे कुठे भरून आलेत ते तेव्हाच नेमकं सांगतात.

नियमावलीही लवकर वाचा. क्यूटचं मूळ रूप, आरई६०, जानेवारी २०१२मध्ये दाखवलं गेलं. भारतात खाजगी ग्राहकाला ती मिळायला २०१९ उजाडलं, कारण क्वाड्रिसायकल, म्हणजे हलकी छोटी चारचाकी, हा वर्गच आधी नियमांत बसवावा लागला.

आणि मुलाखतीला येताना नुसती चकचकीत चित्रं आणू नका. एखादी रिक्षा रिकामी, तीन प्रवाशांसह आणि चौघांसह काट्यावर घ्या, प्रत्येक चाकाखालचं वजन वेगवेगळं लिहा. तो कागद समोर ठेवलात तर आपण तासभर बोलू शकू.