फिलिपिनो साहित्य वाचायचं असेल तर आधी एक वही घ्या

माझी मुलगी दुबईत नर्स आहे. तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण फिलिपिन्सची. सुट्टीत दोघी कोल्हापूरला आल्या होत्या. संध्याकाळी रंकाळ्यावर बसलो असताना ती पोर मला म्हणाली, "तीता, तुम्ही एवढं वाचता, आमच्याकडचं काय वाचलंय?" तीता म्हणजे मावशी. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला आता दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी ज्या रीतीनं वाचत गेले, ती इथे सांगते.

वहीत चार रकाने आखा: साल, राजवट, भाषा, वाचक. यातला तिसरा रकाना कधीच रिकामा सोडू नका. या देशावर 1565 पासून 1898 पर्यंत स्पेन, मग अमेरिका, मध्ये तीनेक वर्षं जपान अशी राज्यं झाली, आणि या सगळ्यांच्या खाली तागालोग, इलोकानो, सेबुआनो अशा लोकांच्या भाषा नांदतच होत्या. लेखकानं कुठली भाषा उचलली हे कळलं, की तो कोणाशी बोलत होता हेही कळतं.

काळाच्या क्रमानं सुरुवात करू नका. पहिलं पुस्तक होजे रिझालची 'नोली मी तांखेरे' ही कादंबरी घ्या. ते 1887 साली बर्लिनमध्ये छापलं गेलं. चार्ल्स डर्बिशायरचा 1912 चा इंग्रजी अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो. त्याची लांबलचक प्रस्तावना शेवटी वाचा. नावं पुष्कळ आहेत, म्हणून वहीच्या मागच्या पानावर माणसांची यादी करा. इबारा युरोपात शिकून गावी परततो, तेव्हा बाप तुरुंगात मेलेला असतो आणि त्याचं प्रेतही कबरीतून उकरून काढलेलं असतं. पण मला धरून ठेवलं ते सीसानं. तिची दोन लहान पोरं चर्चमध्ये कामाला. त्यांच्यावर चोरीचा आळ येतो, आणि ही आई त्यांना शोधता शोधता वेडी होते. ती प्रकरणं मी दोनदा वाचली, आणि दुसऱ्या वेळी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

आता रकाना भरा. भाषा स्पॅनिश. पण बहुतेक फिलिपिनो लोकांना स्पॅनिश येतच नव्हतं. म्हणजे वाचक होते तिथले मूठभर शिकलेले आणि खुद्द स्पेनमधले लोक. तरीही स्पॅनिश सरकारनं 30 डिसेंबर 1896 रोजी रिझालला गोळ्या घातल्या. तो तेव्हा 35 वर्षांचा होता. 1956 च्या कायद्यानं त्याच्या कादंबऱ्या तिथल्या शाळा-कॉलेजांत सक्तीच्या झाल्या, त्यामुळे तिथल्या कोणाशीही बोलताना सीसाचं नाव काढा, गप्पा आपोआप सुरू होतात.

रिझाल झाला की मागे जा. 1838 च्या सुमाराचं फ्रान्सिस्को बालागतासचं 'फ्लोरांते आत लाउरा' हे दीर्घकाव्य तागालोगमध्ये आहे. अनुवाद हाताशी असला तरी मूळ कडवी देवनागरीत लिहून घ्या आणि बोटांवर मोजा. ओळीत 12 अक्षरं, सहावर थांबा, चार ओळींचं कडवं. आपले मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयातात आहेत, त्यातही ओळीला 12 अक्षरंच. अर्थ लागण्याआधीच कानाला ओळख पटते. त्याच्याही मागे 1593 चं 'दोक्त्रिना क्रिस्तियाना' आहे, मनिलात छापलेलं. ते धर्मशिक्षणाचं पुस्तक आहे, वाचत बसायचं नाही. फक्त त्यात तागालोग मजकूर रोमन आणि जुन्या बायबायिन अशा दोन्ही लिप्यांत छापलाय, तेवढी पानं इंटरनेटवर बघा.

स्पेनच्याही आधीचं शोधताना मला फिलिपिन्समधल्या लागुना प्रांतातला ताम्रपट सापडला. तो 1989 मध्ये उजेडात आला. त्यावरची तारीख मी लिप्यंतरात वाचली: शकवर्ष 822, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. म्हणजे इसवी सन 900 ची संकष्टी! भिंतीवरच्या कालनिर्णयखाली बसून हे वाचताना अंगावर काटा आला. मजकूर काय, तर नामवरान नावाच्या माणसाचं आणि त्याच्या घरच्यांचं सोन्याचं कर्ज फिटल्याची नोंद. मी सहकारी बँकेत 31 वर्षं नोकरी केली, आम्ही त्याला बेबाकी दाखला म्हणतो. भाषा जुनी मलय, त्यात संस्कृत शब्द. याला साहित्य म्हणावं का यावर वाद घाला, पण वहीत पहिली ओळ याचीच लिहा.

त्या काळातलं खरं साहित्य तोंडी होतं. डोंगरात राहणाऱ्या इफुगाओ लोकांचं 'हुडहुड' हे लांबलचक कथागीत भाताच्या कापणीला गातात. म्हातारी बाई पुढे सांगते, बाकीच्या मागून धरतात. हे वाचू नका, ऐका. माझं माहेर आजऱ्याकडचं. रोप लावताना बायका गायच्या ते मी चिखलात उभं राहून ऐकलंय, त्यामुळे ते ध्वनिमुद्रण मला परकं वाटलं नाही.

मग पुन्हा पुढे या. अमेरिकनांनी 1901 पासून शाळांतून इंग्रजी शिकवली आणि 1925 मध्ये पाझ मार्केझ बेनितेझची 'डेड स्टार्स' ही कथा आली. इंग्रजी अस्सल, माणसं पक्की तिथलीच. एका बैठकीत होते. जपानी अमलात इंग्रजीवर दाब आला आणि तागालोग कथा फोफावली. तिथे फार रेंगाळू नका.

त्यातला वेळ लुआल्हाती बाउतिस्ताच्या 'देकादा सेतेन्ता' या कादंबरीसाठी राखा. 1972 च्या मार्शल लॉचा, म्हणजे लष्करी कायद्याचा काळ. सांगणारी आमांदा मध्यमवर्गीय घरातली, पाच मुलग्यांची आई. भाषा तागालोग, मधूनमधून घरात बोलतात तशी इंग्रजी. एक मुलगा सरकारविरुद्धच्या लढ्यात जातो, दुसऱ्याचं प्रेत मिळतं. पुस्तक मिळायला वेळ लागला तर 2002 चा चित्रपट आधी बघा.

वाचून झाल्यावर मी मुलीला फोन लावला आणि म्हटलं, तिला दे. "तीता, आमांदा वाचलीत?" तिनं विचारलं. मग पाऊण तास आम्ही दोघीच बोललो. मुलगी मध्ये एकदा विचारून गेली, जेवण गरम करू का.