पावसाळ्यात युनिफॉर्मला येणारा कुबट वास: माझा अनुभव

गोव्यात जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट की वाळलेला वाटणारा युनिफॉर्मही शिवणीत ओला राहतो. तिथेच जंतू वाढतात आणि वास सुटतो. जास्त साबण घालून उपयोग नाही, उलट त्याचा थर वास धरून ठेवतो. मी शेवटच्या पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालते (ब्लीचसोबत कधीच नको, विषारी वायू तयार होतो), मग स्पिन दोनदा. ऑफिसला निघताना मशीन लावलं तर कपडे दिवसभर आत ओलेच पडून राहतात, म्हणून धुणं संध्याकाळी. शर्ट हँगरवर, मध्ये चार बोटं अंतर, पंख्याखाली. पँटचे खिसे उलटे काढून. सकाळी कॉलर, काखा आणि कमरपट्टीवर गरम इस्त्री. कपाटात मात्र इस्त्रीची ऊब गेल्यावरच.