डेडलिफ्टचा धडाका आणि खालच्या मजल्याची तक्रार: काय करायचं

कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क, कुठंही बघा, बऱ्याच जिम आता पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असतात. खाली मेडिकल, कपड्यांचं दुकान नाहीतर दवाखाना आणि वर राहते फ्लॅट. तालमीत हा प्रश्न कधी आलाच नाही. गंगावेस असो की मोतीबाग, कुस्तीचा हौदा जमिनीवरच आणि लाल माती फावड्यानं उकरून मऊ केलेली. शंभर किलोचा पैलवान पाठीवर आपटला तरी शेजारच्या घरातलं भांडं वाजत नाही. स्लॅबवर डेडलिफ्टचा (जमिनीवरून रॉड उचलून ताठ उभं राहायचा व्यायाम) १४० किलोचा रॉड सोडला की मात्र खालच्या शोकेसच्या काचा वाजतात आणि थोड्या वेळात कोणीतरी जिना चढून वर येतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करायची. ज्या आवाजाची तक्रार येते, तो हॉलमधल्या माणसाला नीट ऐकूच येत नाही. ओरडणं, प्लेटांचा खणखणाट, स्पीकरवरची गाणी हे सगळं हवेतून जातं. दारं-खिडक्या लावल्या की ते बरंचसं आत राहतं. रॉड आदळल्याचा धक्का स्लॅबमधून कॉलममध्ये, कॉलममधून दोन मजले खाली-वर जातो आणि तिथं ‘धप्प’ असा दबका, छातीत जाणवणारा आवाज होतो. त्याला खिडकी लावून काही उपयोग नाही. ‘ओरडू नये’ असा बोर्ड लावण्याआधी फरशीवर काय अंथरलंय ते बघावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. जड सेटमध्ये श्वास कोंडून पोट आवळलेलं असतं आणि तो सोडताना ‘हुं’ निघणारच. बारा रेपच्या, म्हणजे सलग बारा वेळा उचलायच्या, बायसेप्सला आरोळी ठोकणारे वेगळे, त्यांना वस्तादांनी एकदा नुसतं बघितलं तरी पुरतं.

रॉड खाली कसा आणायचा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा उपाय हाच. ४५० मिलिमीटरच्या प्लेट लावल्या की रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. डेड (डेडलिफ्ट) वर लॉक केला, म्हणजे ताठ उभं राहिलं, की तो साधारण ५० सेंटिमीटर चढलेला असतो. १४० किलो तिथून सोडला, तर जमिनीवर सुमारे ६९० ज्यूल ऊर्जा आदळते. हात न सोडता सोबत खाली आलात आणि शेवटच्या १० सेंटिमीटरवर पकड सैल झाली, तर १४० ज्यूलच्याही आत. म्हणजे पाचवा हिस्सा.

उतरवताना आधी कंबर मागं ढकलायची आणि रॉड मांडीला घासत खाली आणायचा. तो गुडघ्याखाली गेला की मगच गुडघे वाकवायचे. आधी गुडघे वाकवले की रॉड त्यांना अडकून पुढं जातो, पाठ गोल होते आणि माणूस घाबरून रॉड सोडून देतो. एक ते दोन सेकंदांत खाली आला पाहिजे. चार-पाच सेकंद लावून हळू उतरवायचा हट्ट जड वजनाला नको, त्यात पाठच थकते. प्रत्येक रेपला रॉड जमिनीवर थांबवायचा, पोट पुन्हा आवळायचं आणि मग ओढायचं. उसळी घेऊन मारलेले पाच रेप म्हणजे खालच्यांना पाच धक्के, आणि उसळीमुळं रॉड दरवेळी थोडा वेगळ्या जागी पडतो ते वेगळंच.

पकड सुटते म्हणून रॉड पडत असेल तर हाताला चॉक (खडूची पूड) लावा, तरीही सुटत असेल तर शेवटच्या जड सेटला स्ट्रॅप (मनगटापासून रॉडला गुंडाळायचा पट्टा). ते चालणार नसेल तर वजन उतरवा. ‘स्पर्धेत तर सोडतात की’ हे नेहमीचं उत्तर अर्धंच खरं आहे. पॉवरलिफ्टिंगमध्ये दोन्ही हातांचा ताबा न ठेवता रॉड खाली टाकला, तर ती लिफ्ट बाद धरतात. ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगमध्ये स्नॅच, क्लीन अँड जर्क डोक्यावरून खाली सोडावाच लागतो, पण तिथंही पंचांच्या इशाऱ्यानंतर आणि रॉड खांद्याच्या खाली आल्यावरच हात सोडायचे असतात. त्यामुळं स्नॅच-जर्क करायचे असतील तर तळमजला आणि नीट प्लॅटफॉर्म हवा. दुसऱ्या मजल्यावर त्याला कुठलीही शिताफी उपयोगी पडत नाही.

डंबेल टाकणाऱ्यांना आमच्याकडून सूट नाही. प्रेस संपला की डंबेल छातीजवळ आणायचे, गुडघे वर घेऊन त्यांवर टेकवायचे आणि त्यांच्याच वजनानं उठून बसायचं. बाजूला टाकलेल्या डंबेलचे बोल्ट ढिले होतात, मुंडी फिरायला लागते आणि पुढच्या माणसाच्या तोंडावर ती कधी निसटेल याचा नेम राहत नाही.

खणखणाट

प्लेटांचं भोक रॉडच्या ५० मिलिमीटरच्या स्लीव्हपेक्षा (प्लेटा चढवायच्या जाड टोकापेक्षा) थोडं मोठं असतं. बिडाच्या प्लेटांत ही ढिलाई जास्त. प्लेटा एकमेकींना आणि आतल्या कॉलरला (स्लीव्हच्या आतल्या बाजूच्या कडीला) घट्ट भिडवा, बाहेरून क्लिप लावा, आणि दर सेटनंतर ती सरकलीय का बघा. दोन बिडाच्या प्लेटांमध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा कापलेला पट्टा सरकवला की खणखण बरीच थांबते. रॅकच्या हुकांवर प्लॅस्टिकचं अस्तर नसेल तर तिथंही जाड रबराचा तुकडा बांधून घ्या. केबल मशीनचा स्टॅक आपटण्यामागं एकच कारण असतं, झेपत नाही इतक्या खाली खुपसलेली पिन.

बंपर प्लेट (जाड रबराच्या प्लेट) आणल्या की आवाज मिटला, असं समजू नका. बंपरनं रॉड, फरशी आणि खणखण वाचते. स्लॅबमधून जाणारा धक्का कमी होतो, संपत नाही. आणि नुसती पाच किलोची पातळ बंपर जोडी लावून रॉड टाकलात तर प्लेट वाकते.

प्लॅटफॉर्म

बाजारात मिळणारा ८-१० मिलिमीटरचा रबर रोल टाईल वाचवतो, धक्का नाही. धक्का कमी करायला थर लागतात: वर कडक, खाली मऊ. कडक थर वजन पसरवतो, मऊ थर ते सावकाश झेलतो. उलटं केलं, म्हणजे पायाखालीच फोमची कोड्यासारखी जोडायची मॅट टाकली, तर घोटा डुगडुगतो आणि फोम महिन्याभरात चपटा होतो.

एका माणसाच्या डेडसाठी ८ बाय ४ फुटांची जागा पुरते. २२० सेंटिमीटरच्या रॉडवर दोन्ही आतल्या कॉलरमधलं अंतर १३१ सेंटिमीटर असतं, म्हणजे प्लेटा मध्यापासून दोन्हीकडं साधारण ६५ सेंटिमीटरवर सुरू होतात. मधले चार फूट पायांसाठी, कडेचे दोन-दोन फूट प्लेटांसाठी, हा हिशेब बरोबर बसतो.

१. फरशी झाडून घ्या. सगळ्यात खाली १०-१२ मिलिमीटरचं मऊ रबर, ८ बाय ४ भरून. चिकटवायचं नाही.
२. त्यावर १९ मिलिमीटरच्या प्लायची अख्खी ८ बाय ४ शीट. आपल्याकडचा पावसाळा बघता ७१० ग्रेडचाच (पाण्याला टिकणारा) प्लाय घ्या, साधा प्लाय दमटपणानं फुगतो.
३. मध्यभागी त्याच प्लायचा ४ बाय ४ चा तुकडा, खालच्या शीटला ३२ मिलिमीटरच्या स्क्रूनं, साधारण फूटभर अंतरावर एक असा आवळून. दोन्ही प्लाय मिळून ३८ मिलिमीटर होतात, त्यामुळं स्क्रूचं टोक खालच्या रबरात शिरत नाही. डोकी लाकडात बुडवा.
४. दोन्ही बाजूंना २ बाय ४ फुटांच्या, २० मिलिमीटर जाडीच्या रबर टाईल. मधल्या प्लायशी पातळी जवळजवळ जुळते.

स्लॅबला अँकर मारू नका आणि प्लॅटफॉर्म भिंतीला टेकवू नका, बोटभर तरी फट ठेवा. एक खिळा जरी स्लॅबपर्यंत गेला तरी धक्क्याला रस्ता मिळतो आणि खालच्या रबराचे पैसे पाण्यात जातात. भंगारात मिळणारा कन्व्हेयर बेल्ट वरच्या थराला टिकाऊ आहे, पण तो कडक असतो, त्याला मऊ थर समजू नका.

तरीही भागलं नाही तर प्लेटांखाली पॅड. गादीवाल्याकडून किंवा सीटकव्हरवाल्याकडून जाड रेक्झिनमध्ये घट्ट फोम भरून १०-१२ सेंटिमीटर जाडीचे दोन पॅड शिवून घेता येतात. रॉड तेवढा वर येतो, म्हणून पायाखालीही तितक्याच उंचीचा पक्का पाट घ्यावा लागतो, नाहीतर तुमचा डेड अर्ध्या रस्त्यातूनच सुरू होतो.

प्लॅटफॉर्म कुठं ठेवायचा

स्लॅबच्या मधोमध नको. तिथं स्लॅब हलगीच्या कातड्यासारखा थरथरतो. बीमच्या किंवा कॉलमच्या जवळ तो सगळ्यात ताठ असतो. फक्त शेजारच्या फ्लॅटशी सामाईक भिंत असेल त्या बाजूपासून फूट-दीड फूट लांब राहा. जागा ठरवायची तर एक जण खाली फोन घेऊन उभा राहील आणि वरचा ६०, १०० आणि १४० किलो, आधी नीट उतरवून, मग शेवटच्या १० सेंटिमीटरवरून सोडून दाखवेल. तीन-चार जागी हे करून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि खालच्या दुकानदारालाच बोलावून केलंत तर निम्मी भांडणं तिथंच संपतात.

हॉलमधली वागणूक

रॅकवरून प्लेटा उतरवताना एका बाजूच्या सगळ्या काढून मग दुसरीकडं जाऊ नका, रॉड उलटून थेट फरशीवर येतो. दोन्ही बाजूंच्या आलटून-पालटून एकेक काढा. जड सेटनंतर तीन ते पाच मिनिटं विश्रांती लागते हे खरं, पण तेवढ्यात दुसऱ्याला ‘मध्ये एक सेट मारू का?’ विचारायची वेळ येऊ नये, आपणच ‘घे भावा, माझे अजून दोन राहिलेत’ म्हणावं. सपोर्ट द्यायला बोलावलं तर आधी विचारायचं की किती रेप आणि हात कधी लावायचा. रॉड अंगावर असलेल्या माणसाशी बोलायचं नाही, त्याच्या समोरून आरशाकडं जायचं नाही. तक्रार असेल तर सेट संपून त्याचा श्वास बसल्यावर. पावसाळ्यात चिखलाचे बूट खालीच काढा, तालमीत चपला बाहेर ठेवता तशा.

तक्रार आली तर

पहिलं वाक्य ‘आमचा एवढा आवाज नसतो’ हे नको. ‘काका, कोणत्या वेळेला जास्त जाणवतो?’ हे असावं. वेळ वहीत लिहा आणि त्या वेळी कोण, कोणता व्यायाम, किती वजन हे जुळवा. बहुतेक वेळा एकदोन माणसं आणि एकच व्यायाम निघतो.

मोबाईलवर डेसिबल दाखवून वाद जिंकता येत नाही. नियमातला डेसिबल ‘ए’ पट्टीवर मोजतात आणि ती पट्टी खर्ज कापते, ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबलनं. म्हणून आकडा ५० दिसतो आणि खालच्या माणसाच्या कपाटाचं दार मात्र वाजत असतं. तो खोटं बोलत नाही.

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, घोषित शांतता क्षेत्रात ५० आणि ४० ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. पहाटे पाचला उघडणाऱ्या जिमनं हे नीट वाचावं, तो पहिला तास कायद्यानं रात्रच आहे. त्या वेळेत मशीन, कार्डिओ, हलके डंबेल ठेवा. जड डेड सकाळी सातनंतर आणि रात्री साडेआठच्या आत, खाली दवाखाना असेल तर ओपीडीच्या वेळा सोडून. वेळापत्रक लिहून सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि खालच्या दुकानदाराला द्या, सोबत एक फोन नंबर. जिना चढून येण्यापेक्षा त्यांना फोन करणं सोपं पडतं.

घरी फ्लॅटमध्ये सेटअप करत असाल तर आवाजाआधी वजनाचा हिशेब करा. राहत्या खोलीचा स्लॅब साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर भार धरून काढलेला असतो, आणि त्यात कपाट-पलंगही आले. रॅक, रॉड, दोनशे किलो प्लेटा आणि तुम्ही एका कोपऱ्यात जमलात तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. पार्किंगमधली किंवा तळमजल्याची खोली मिळत असेल तर तीच घ्या, तिथं हा प्लॅटफॉर्म अर्ध्या खर्चात होतो आणि खाली कोणी राहतही नाही.