पट्टेरी अरुंडो कुंडीतच लावा

नर्सरीत याला नुसतं 'अरुंडो' म्हणतात. नळाच्या जातीचं गवत, पानांवर उभे पांढरे पट्टे. याच्याच साध्या हिरव्या भावाच्या खोडापासून क्लॅरिनेटची, सॅक्सोफोनची रीड, म्हणजे फुंकताना थरथरून आवाज काढणारी पातळ पट्टी, बनते.

मी पहिल्यांदा ते जमिनीत लावलं, तेही न्हाणीच्या सांडपाण्याशेजारी. दुसऱ्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंच्या अळूत फुटवे निघाले. काकू काही बोलल्या नाहीत. रोज सकाळी एक फुटवा उपटून कुंपणावरून आमच्या अंगणात टाकायच्या. शेवटी दोन रविवार पहार घेऊन गड्डे खणले. कॅलिफोर्नियात तर साध्या अरुंडोने नदीकाठचे पट्टेच्या पट्टे गिळलेत.

म्हणून कुंडी. सोळा इंची, सिमेंटची, कारण सहा-सात फूट वाढलेलं गवत वाऱ्यात प्लास्टिकची कुंडी आडवी पाडतं. तळाला विटांचे तुकडे, वर दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, थोडी वाळू. कुंडी फरशीवर ठेवा. मातीवर ठेवलीत तर तळाच्या भोकातून मुळं खाली उतरलीच म्हणून समजा. दिवसभर ऊन हवं. पाणी भरपूर लागतं, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. खाली ताटली ठेवलीत तर पाणी साचू देऊ नका, डास होतात.

आता पट्ट्यांचं. पानाचा पांढरा भाग हरितद्रव्याशिवायचा, तो अन्न तयार करत नाही. त्यामुळे पट्टेरी फुटवा बेताने वाढतो, आणि मधेच एखादा पूर्ण हिरवा फुटवा आला की तो जोमाने वर जाऊन सगळी कुंडी बळकावतो. असा फुटवा दिसला की खुरप्याने गड्ड्यापासून काढा. नुसता वरून छाटला तर पुन्हा येतो. मी दर रविवारी बघतो. याउलट, संपूर्ण पांढरा फुटवा दिसायला देखणा, पण त्यात जीव धरायला काही नसतं. त्याचा लोभ नको. पट्टे कोवळ्या पानांवरच ठसठशीत दिसतात, पान जून झालं आणि ऊन तापलं की पिवळट-हिरवे होतात. ते रोग नव्हे. औषध फवारत बसू नका. युरियाही नको.

फेब्रुवारीत सगळी ताटं वीतभर ठेवून कापा, नवी फूट छान पट्टेरी येते. पानांच्या कडा खरखरीत असतात, पूर्ण बाह्या घाला. दोन-तीन वर्षांनी कुंडी मुळांनी गच्च भरते; तेव्हा गड्डा बाहेर काढून करवतीने चार तुकडे करायचे आणि एकच परत लावायचा. नवं रोप हवं असेल तर दोन पेरांचा तुकडा पाण्यात उभा ठेवा, पेराला मुळं फुटतात.

कापलेली ताटं वालाच्या वेलांना आधार म्हणून उत्तम. दरवर्षी जुडी बांधून काकूंना देतो. त्या घेतात, पण आधी विचारतात, "वाळलीत ना रे नीट?"