ग्रेट आर्टेशियन बेसिनचा डेटा हातात आलाय? मग या चुका टाळा

आपल्याकडे भूजल शिकायचं म्हणजे बेसॉल्टवरच. एका विहिरीला धो धो पाणी आणि बांधापलीकडच्या विहिरीत ठणठणाट, हे बघतच आपण मोठे होतो. तीच सवय घेऊन ऑस्ट्रेलियाच्या या बेसिनच्या, म्हणजे जमिनीखालच्या प्रचंड पाणीसाठ्याच्या, डेटावर बसलं की घोळ होतो, कारण तिथे जवळपास 17 लाख चौरस किमीवर वालुकाश्म आणि शेल (गाळाचा घट्ट खडक) यांचे थर एकावर एक पसरलेत, काही ठिकाणी 3 किमी खोल, आणि पाणी इतक्या दाबाखाली की बऱ्याच भागात बोअर मारला की पंपाशिवाय वर येतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे सगळे बोअर एकाच नकाशावर टाकून कंटूर (समान दाबाच्या रेषा) काढणे. अरे, एक बोअर हटन सँडस्टोन नावाच्या वालुकाश्म थरातला, दुसरा त्याच्या कितीतरी वरच्या हूरे सँडस्टोनमधला, मध्ये पाणी सहज न सोडणारे थर, मग दोघांचा दाब एका रेषेत कसा बसेल? ज्यातून पाणी बोअरमध्ये शिरतं तो जाळीचा पाइप नेमका कुठल्या खोलीवर आहे ते आधी बघा, आणि नोंदच नसेल तर तो बोअर सरळ काढून टाका, जीव तुटला तरी.

आता तापमान. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. या बेसिनचं पाणी 30 पासून 100 डिग्रीपर्यंत गरम असतं, आणि गरम पाणी हलकं. बोअरमधला 1000 मीटरचा स्तंभ सरासरी 25 ऐवजी 60 डिग्रीचा असला तर पातळीत साधारण 14 मीटरचा फरक पडतो! पाण्याचा उतार मुळात इतका मंद, की तापमानाचं करेक्शन न करता कंटूर काढले तर प्रवाहाचे बाण चक्क उलट्या दिशेला जाऊ शकतात. अजून एक गंमत, वाहता बोअर बंद करून दाबाचा गेज लावला की आतलं पाणी हळूहळू थंड होतं, जड होतं आणि रीडिंग खाली यायला लागतं. मी ते जलधराचा (पाणी धरणाऱ्या थराचा) दाब घटतोय म्हणून लिहून मोकळा झालो होतो. त्यामुळे बंद करायच्या आधीचं तापमान आणि बंद केल्याची वेळ, दोन्ही लिहायचंच.

पाण्याचं वय काढताना कार्बन-14 वर सगळी भिस्त ठेवू नका, त्याची धाव फार तर 40 हजार वर्षं. पाणी वर्षाला 1 ते 5 मीटर सरकतं, म्हणजे पूर्वेकडच्या डोंगरकडेला मुरलेलं पाणी 300 किमी आत पोचायला कमीत कमी 60 हजार वर्षं गेली. तिथे कितीतरी हळू क्षय होणारं क्लोरीन-36 लागतं. पण शेलमधून जुनं क्लोराइड पाझरत असेल तर तेही वय फुगवून दाखवतं, आणि केसिंग (बोअरचा बाहेरचा पाइप) सडून वरचं पाणी आत येत असेल तर उलटं, म्हातारं पाणी तरणं दिसतं.

आणि अलीकडे दाब वाढलेला दिसला की लगेच पाऊस शोधत बसू नका. 1878 पासून लोकांनी तिथे बोअर मारले, कित्येक तसेच उघडे सोडले, पाणी मातीच्या चरांमधून मैलोनमैल वाहून उन्हात उडून जायचं. 1999 पासून सरकारी योजनेतून असे शेकडो बोअर बंद केले, चरांच्या जागी पाइप टाकले, आणि बऱ्याच ठिकाणी दाब सावरला. म्हणून तुमच्या भागातला कुठला बोअर कुठल्या साली बंद झाला ती यादी आधी मिळवा, पावसाचा ग्राफ नंतर लावा.